वेबसाइट हलवा, पण मेलला धक्का नको

नावड्याला लागूनच तळोजा एमआयडीसी. इथल्या लहान वर्कशॉपचा बराचसा व्यवहार मेलवर चालतो: कोटेशन मेलने जातं, परचेस ऑर्डर मेलने येते, बिलाचा पाठपुरावाही मेलवरच. वेबसाइटकडे मात्र वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मग कधीतरी मोबाइलवर नीट दिसणारी नवी साइट करून घेतली जाते, आणि साइट सुरू होते त्याच दिवशी मेल यायचे थांबतात. साइटवाला म्हणतो, मेल माझ्याकडे नाही. मेलवाला म्हणतो, आमच्याकडे सगळं चालू आहे. दोघंही खरंच बोलत असतात. घोळ झालेला असतो डीएनएसच्या नोंदींत, आणि तो टाळणं मालकाला सहज जमण्यासारखं आहे.

तुमचं डोमेन ‘आपलंनाव डॉट इन’ आहे असं धरू. गिऱ्हाइकाने ते मोबाइलवर टाइप केलं की मोबाइल आपल्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला आयपी पत्ता विचारतो. रिझॉल्व्हरला तो ठाऊक नसेल तर तो अगदी वरून सुरुवात करतो. रूट सर्व्हरची ए पासून एम पर्यंत १३ नावं आहेत. तिथे फक्त डॉट इनचे सर्व्हर कोणते एवढंच कळतं. डॉट इनचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था पाहते. तिचे सर्व्हरही पत्ता देत नाहीत, तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगतात. खरं उत्तर त्या नेमसर्व्हरवर मिळतं. डीएनएस म्हणतात ती हीच रचना. ती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि तीच फाइल सगळे उतरवून घेत.

इथे तीन कामं वेगळी आहेत हे नीट समजून घ्या. डोमेनची नोंदणी एकीकडे, नेमसर्व्हर दुसरीकडे, साइटचं होस्टिंग तिसरीकडे असू शकतं. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. सिडकोच्या भूसंपादनात जमिनी गेलेल्या या भागात सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे याचं मोल कोणाला सांगावं लागत नाही. डोमेनचंही तसंच आहे. ते साइट करणाऱ्या मुलाच्या खात्यात असेल तर तो गाव सोडून गेल्यावर तुमच्या हाती काही उरत नाही. खातं स्वतःच्या नावाने करा, आणि त्या खात्याला दिलेला मेल पत्ता त्याच डोमेनवरचा नको. नाहीतर मेल बंद पडल्यावर पासवर्ड बदलण्याची लिंकही त्या बंद मेलवरच जाईल.

आता डीएनएसच्या नोंदींचं पॅनेल उघडू. प्रत्येक नोंदीला प्रकार, नाव, मूल्य आणि टीटीएल असे चार रकाने असतात. ए नोंद म्हणजे डोमेनचा आयपी पत्ता, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५. नव्या लांब पत्त्यांसाठी चार ए असलेली नोंद असते. सीनेम एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवतो. ही नोंद डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी चालते, पण मूळ डोमेनला लावता येत नाही, कारण सीनेम असलेल्या नावाला दुसरी नोंद ठेवता येत नाही आणि मूळ डोमेनला नेमसर्व्हरच्या नोंदी असाव्याच लागतात. नावाच्या रकान्यात ॲटचं चिन्ह दिसलं तर ते मूळ डोमेन समजा. त्या रकान्यात पूर्ण डोमेन टाइप करू नका. बरीच पॅनेल ते आपणहून जोडतात, आणि मग ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट आपलंनाव डॉट इन डॉट आपलंनाव डॉट इन’ अशी नोंद तयार होते, जी कधी कोणी विचारणारच नाही.

मेल कुठे पोचवायचा ते एमएक्स सांगतो. त्यातला आकडा जितका लहान, तितका तो सर्व्हर आधी. साइटवाल्याने ए बदलला तर एमएक्सला काही व्हायचं कारण नाही. मग मेल का थांबतो? बहुतेक वेळा त्याने ए बदललेलाच नसतो, अख्खे नेमसर्व्हर बदललेले असतात. नव्या नेमसर्व्हरवर त्याच्या साइटच्या नोंदी असतात, तुमचा एमएक्स नसतो. दुसरं कारण जरा लपलेलं आहे. जुन्या स्वस्त होस्टिंगवर एमएक्सच्या मूल्यात पुष्कळदा मूळ डोमेनच लिहिलेलं असतं. तिथे ए बदलला की मेलही नव्या सर्व्हरच्या दारात जातो, जिथे त्याला घेणारं कोणी नसतं. अशा वेळी आधी ‘मेल’ नावाची वेगळी ए नोंद जुन्या पत्त्यावर करा, एमएक्स तिच्याकडे वळवा, आणि मगच साइटचा ए बदला.

टीएक्सटी नोंदींकडे सर्वात कमी लक्ष जातं, आणि खोटी बिलं रोखायची तर तीच कामाला येतात. तुमच्या नावाने कोणी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल पाठवला, तर तो तुमचा नाही हे समोरच्या सर्व्हरला कळावं कसं? एसपीएफ या टीएक्सटी नोंदीत तुमच्या वतीने कोण मेल पाठवू शकतो त्याची यादी असते. ही नोंद एकच हवी. दोन ठेवल्या तर तपासणीच फसते. बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्या पत्त्यावरून बिलं पाठवत असेल तर त्याचं नाव त्याच एका ओळीत जोडा. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतो आणि सही पडताळण्याची किल्ली डीएनएसमध्ये ठेवतो. दोन्ही चाचण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतो. सुरुवातीला तो ‘नन’वर ठेवा, येणारे अहवाल वाचा, आणि मग ‘क्वारंटाइन’, ‘रिजेक्ट’कडे जा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांकडून हे तिन्ही मागतात. लहान वर्कशॉपलाही ते करून ठेवणं हिताचंच.

मराठी नावाचं डोमेन हवं असेल तर २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं. मात्र डीएनएसमध्ये ते ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात साठवलं जातं, त्यामुळे पॅनेलमध्ये तसं काही दिसलं तर गोंधळू नका.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवसाची तयारी आधीच करायची. सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढा. मग टीटीएल बघा. हा आकडा सेकंदांत असतो आणि तेवढा वेळ रिझॉल्व्हर जुनं उत्तर जवळ ठेवतो. ‘बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात’ असं सांगतात, पण पसरत काहीच नाही. साठवलेली जुनी उत्तरं एकेक करून संपतात. टीटीएल १४४०० असेल, म्हणजे चार तास, तर आदल्या दिवशी तो ३०० करा. दुसऱ्या दिवशी ए बदलला की पाचेक मिनिटांत बहुतेकांना नवी साइट दिसू लागते. ऑफिसच्या वायफायवर जुनीच दिसली तर मोबाइल डेटावर पाहा. कॉम्प्युटरवरच्या एनएसलुकअप या कमांडने ए आणि एमएक्स दोन्ही विचारून घ्या, बाहेरच्या जीमेल खात्यावरून स्वतःला एक मेल पाठवा आणि त्याला उत्तरही द्या. जुनं होस्टिंग दोन-तीन दिवस तरी बंद करू नका, मेल अजून तिथेच असेल तर मुळीच नको, आणि सगळं ठीक दिसलं की टीटीएल पुन्हा वाढवून ठेवा.