श्रीरामपूरचे झहीर खान

शनिशिंगणापुरास जाणाऱ्या यात्रेकरूंपैकीं कांहीं श्रीरामपुरास आगगाडींतून उतरून पुढें जातात. उसाच्या मळ्यांनीं वेढलेल्या ह्याच गांवीं १९७८ सालीं झहीर खान यांचा जन्म झाला. इंजिनिअर होण्याची वाट समोर असतां त्यांनीं मुंबईस सुधीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखालीं जलद गोलंदाजीस वाहून घेतलें, आणि २००० सालीं ते भारतीय संघांत आले.

परंतु पुढें दुखापतींनीं त्यांस ग्रासलें व २००६ सालीं संघांतून वगळण्यांत आलें. लोकप्रिय खेळाडूची खरी परीक्षा अशाच वेळीं होते. झहीर रुसून बसले नाहींत. इंग्लंडांत वूस्टरशायर परगण्याकडून खेळतांना त्यांनीं आपली धांव आंखूड केली, चेंडूवर हुकमत मिळविली आणि परगण्यांच्या स्पर्धेंत त्या हंगामांत ७८ गडी बाद केले. पुढल्याच वर्षीं नॉटिंगहॅमच्या कसोटींत त्यांनीं ९ बळी घेतले; भारतानें इंग्लंडांत २१ वर्षांनीं मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकांत त्यांचे २१ बळी होते. वानखेडेवरील अंतिम सामन्यांत त्यांच्या पहिल्या ५ षटकांत अवघ्या ६ धावा निघाल्या.

९२ कसोटींत ३११ बळी घेऊन २०१५ सालीं ते निवृत्त झाले. २०२० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. डावखुऱ्या मुलांनीं त्यांची ती उंच उडी उचलावी, हें साहजिकच आहे. पण नाकारलें गेल्यावर कुढत न बसतां पुन्हां शिकावयास बसण्याची त्यांची वृत्ति उचलणें अधिक श्रेयस्कर नव्हे काय?