केकमधली अंगठी

नाताळ जवळ आला की इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्यांची आरास मांडली जाते. मुखपृष्ठ फिकट निळे नाही तर गुलाबी. त्यावर भुरभुरणारा बर्फ, दिव्यांनी उजळलेली एका छोट्या दुकानाची खिडकी आणि खिडकीत मांडलेले केक. कथानक मुखपृष्ठावरूनच ओळखावे. शहरातल्या नोकरीला विटलेली नायिका आडगावी येते, आजोबांची किंवा मावशीची बुडीत निघालेली बेकरी हाती घेते, शेजारच्या काहीशा तुसड्या पण मनाने सरळ अशा गृहस्थाशी प्रथम भांडते, आणि चोवीस डिसेंबरच्या रात्री बेकरीही वाचते व लग्नही जुळते. शेवटच्या पानांवर केकची कृती छापलेली असते, म्हणजे कथा फसली तरी पैसे अगदीच वाया गेले असे नको. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी तर 2009 पासून ‘काउंटडाउन टु ख्रिसमस’ या नावाखाली असल्या गोड चित्रपटांची दर हिवाळ्यात रांगच लावते. त्यांपैकी बरेचसे चित्रपट कॅनडात, भर उन्हाळ्यात, खोटा बर्फ पसरून चित्रित होतात. लोकरी कोट घालून घामाने निथळणाऱ्या त्या नटनट्यांची कीव करावी तेवढी थोडीच!

विद्वानांनी नाक मुरडावे असाच हा माल आहे. तथापि त्याचे कूळ पाहू गेल्यास ते वाटते त्याहून बरेच जुने निघते. नाताळनंतरच्या बाराव्या रात्री विलायतेत एक मोठा केक कापण्याची चाल होती. त्यात घेवड्याचा एक दाणा व एक वाटाणा दडवलेला असे. दाणा ज्याच्या वाट्याला येई तो त्या रात्रीपुरता राजा, आणि वाटाणा जिला मिळे ती राणी. सतराव्या शतकातील सॅम्युएल पीप्सच्या प्रसिद्ध रोजनिशीत या केकचे उल्लेख आहेत. पुढे नाताळच्या पुडिंगमध्येही नाणे, अंगठी, अंगुस्तान अशा वस्तू घालू लागले. नाणे मिळाले तर धनलाभ, अंगठी मिळाली तर वर्षाच्या आत लग्न, आणि शिवणकामाचे अंगुस्तान मिळाले तर बिचारीने अविवाहितच राहावे! 2018 साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘द प्रिन्सेस स्विच’ या चित्रपटात शिकागोची एक बेकरीवाली केकस्पर्धेसाठी एका काल्पनिक राज्यात जाते आणि तेथील राजपुत्राच्या गळ्यात पडते. प्रेक्षकांनी ते बालिश म्हटले तरी चालेल; केकातून राणी निघण्याची ही गोष्ट निदान तीन-चारशे वर्षांची आहे.

नाताळ आणि हलकेफुलके वाचन यांची गाठ मात्र डिकन्सने पक्की केली. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हे त्याचे पुस्तक 19 डिसेंबर 1843 रोजी निघाले, आणि 1850 पासून आपल्या साप्ताहिकाचे खास नाताळ अंकही तो काढू लागला. विलायतेतील अशा अंकांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवूनच का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, असे सांगतात. चकलीचा तुकडा मोडीत प्रेमकथा वाचण्याची आपली सवय ही अशी थोडीशी त्यांच्याच घरची. त्या ‘कॅरोल’मधील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. क्रॅचिटच्या गरीब घरात भट्टी नाही. सणाचा हंस बेकरीवाल्याकडे भाजायला दिलेला आहे, आणि त्याचा वास बाहेर घेऊन आलेली पोरे आनंदाने नाचत आहेत. बेकरी ही गरिबांची सामाईक चूल होती.

आजच्या लेखिकांत जेनी कोल्गन या स्कॉटिश बाईंचे नाव आघाडीवर आहे. त्यांच्या ‘मीट मी अॅट द कपकेक कॅफे’ची नायिका इसी ही मँचेस्टरच्या एका जुन्या बेकरीवाल्याची नात. कचेरीतली नोकरी सुटल्यावर ती लंडनमध्ये छोटे उपाहारगृह थाटते. कर्ज देणारा बँकेतला तरुणच पुढे तिचा प्रियकर होतो. नाताळातील पुढच्या भागात तो न्यूयॉर्कला आणि ही लंडनात, दुकान सोडावे की माणूस, असा पेच पडतो. त्यांची दुसरी मालिका आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी वाट बुडणारे एक बेट, मच्छीमारांची वस्ती, आणि तेथे धंदा बुडाल्यावर आलेली पॉली. ती केक नव्हे, पाव भाजते. ताजा पाव घेऊन जाणाऱ्या कोळ्यांची वर्णने वाचताना आपल्याकडला समुद्र आठवल्यावाचून राहत नाही.

या कथांत आम्हांस जे मोलाचे वाटते ते प्रेम नव्हे. आपल्या कथा-कादंबऱ्यांतही नायिकेच्या हातचा पदार्थ येतो, पण कोठे? कांदेपोह्यांच्या ताटलीत. मुलगी मान खाली घालून ताटली पुढे करते, आई ‘सगळे हिनेच केले हं’ म्हणते, आणि परीक्षक पाहुणे मीठ जोखतात. इसी किंवा पॉली पदार्थ करते तो विकण्यासाठी. पाटीवर नाव तिचे, कर्जाच्या कागदावर सही तिची. नायकाला तो आवडला तर उत्तम, न आवडला तर गिऱ्हाइके रांगेत उभी आहेतच. हलक्या वाङ्मयाने एवढे साधावे हे थोडके नव्हे.

मात्र या लेखिका एका गोष्टीवर साखर फार भुरभुरवतात. पहाटे तीनला उठणे त्या सांगतात, पण पुढच्याच ओळीत दालचिनीचा वास सुटतो आणि झोपमोड विसरली जाते. भट्टीची धग काय असते हे विचारायचे तर आपल्या पदेरास विचारावे. पाव खाल्ल्याने माणूस बाटतो असे मानणाऱ्या घरांच्या दारीही आज त्याच्या सायकलचा भोंगा वाजल्याशिवाय सकाळ होत नाही. उंडे, पोळी, काकणे यांनी भरलेली ती टोपली रात्रभर जागलेल्या हातांनी भरलेली असते. सरपण महागले, मैदा महागला, आणि उंड्याचा भाव एक रुपयाने वाढवायचा म्हटला की गावभर ओरड! मुले नोकरीत किंवा परदेशी गेली. कित्येक भट्ट्या भाड्याने दिल्या गेल्या, कित्येक विझल्या. बेबिंकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण थरावर थर चढवीत, वर निखारे ठेवून, अर्धा दिवस तिच्यापाशी बसणारी बाई आता किती घरांत उरली आहे?

नाताळच्या आदल्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती घरातून झाकलेले ताट येते. त्यात दोदोल, कुलकुल आणि नेवऱ्या असतात; आपल्या चवथीच्या नेवऱ्या त्या घरी गेलेल्या असतातच. एखाद्या मराठी लेखिकेने येत्या दिवाळी अंकासाठी पदेराच्या मुलीची गोष्ट लिहावी. बर्फ नको, राजपुत्रही नको. बापाने भट्टी विकायला काढलेली, तिने ती अडवून धरलेली, आणि सरपणाची थकलेली बाकी मागायला दारात उभा राहिलेला तरुण. लग्न जुळवायचे की नाही ते लेखिकेने ठरवावे. बाकी कशी फिटली, ते मात्र आकड्यांनिशी सांगावे.