बाबा पदमनजी आणि ‘यमुनापर्यटन’

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. गोष्टीतून धर्मोपदेश करणारे लेखन तेव्हा इंग्लंडात मुबलक होत होते. ‘ए. एल. ओ. ई.’ या आद्याक्षरांनी मुलांसाठी बोधकथा लिहिणाऱ्या शार्लट टकर तर १८७५ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि पंजाबातील बटाला येथे मिशनचे काम करीत राहिल्या. मराठीत धार्मिक हेतूने स्वतंत्र कादंबरी लिहिण्याचा मान बाबांचा.

त्यांच्याआधी भाषांतरांनी वाट पाडून ठेवली होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये निघाला. हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या यात्रेकरूची कथा ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणली. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे दिले आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा हे या मिशनचे ग्रामीण केंद्र बनले. याच नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगितला होता. धर्म मायबोलीतून सांगावा, ही रीत या मुलखाला साडेपाच शतकांपासून ठाऊक होती. मिशनऱ्यांनाही लोकांशी बोलायचे तर मराठीच आत्मसात करावी लागली.

बाबांचा जन्म बेळगावचा, कासार कुटुंबातला. बेळगावच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईत त्यांचे शिक्षण झाले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेतही ते काही काळ होते. १८५४ मध्ये बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अध्यापन, धर्मोपदेश आणि ग्रंथलेखन यांत त्यांचे आयुष्य गेले. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र धर्मांतरापर्यंतचा मानसिक प्रवास उलगडते.

‘यमुनापर्यटन’मध्ये यमुना व तिचा पती विनायकराव प्रवासाला निघतात. वाटेत त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणाला घरात मोलकरणीसारखे राबवलेले, कोणी फसवणुकीला बळी पडलेली. पुढे यमुनेवरही वैधव्य ओढवते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली होती. कादंबरी आली ती दुसऱ्याच वर्षी.

कथानक सैल आहे, संवादांत उपदेश फार आहे आणि शेवट लेखकाच्या धर्मनिष्ठेने आधीच ठरवलेला आहे. तरीही प्रवासामुळे लेखकाला घराघरांत शिरता आले. १८६१ मध्ये आलेल्या लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने अद्भुतरम्यतेची वाट धरली आणि पुढची काही वर्षे वाचक तिकडेच वळले. घरातील स्त्रीच्या दुःखाकडे मराठी कादंबरी पुन्हा पूर्ण ताकदीने वळली ती हरि नारायण आपटे यांच्या लेखनात.

मुलांसाठीचे लेखनही या काळात वाढत गेले. अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मासिक चालवले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले ना. वा. टिळक नगरला राहून मुलांसाठी कविता लिहू लागले. बाबांच्या कादंबरीतला धर्मप्रचार आज इतिहासाचा भाग झाला आहे. तिच्यातील विधवांची हकिगत मात्र, एका धर्मनिष्ठ लेखकाने डोळे उघडे ठेवून टिपल्यामुळे, मराठी समाजाचा अस्सल दस्तऐवज ठरली.