मातीच्या घटातील सूर

उन्हाळा तोंडावर आला की आपण नवा माठ घ्यायला कुंभाराकडे जातो. माठ उचलून त्याच्या पोटावर टिचकी मारतो. नाद खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कोठेतरी तडा आहे, असे समजून तो खाली ठेवतो. वाचकहो, ही परीक्षा घेताना आपण नकळत संगीताच्या उंबरठ्यावर उभे असतो. घरातील कित्येक वस्तूंच्या पोटी असा नाद दडलेला आहे. तो ओळखणारा कान आणि त्याला बाहेर आणणारा हात मात्र हवा.

सुताराच्या करवतीचेच पाहा. पाश्चात्त्य देशांत काही हौशी वादक करवतीची मूठ गुडघ्यांत धरतात, तिचे पाते इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वाकवतात आणि दाते नसलेल्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवतात. मग त्या पोलादातून मानवी कंठासारखा आर्त स्वर उमटतो. पात्याचा बाक जेथे उलटतो, तेथेच कंपने कोंडली जातात आणि म्हणून स्वर दीर्घकाळ टिकतो. या गुपिताचा उलगडा करणारे संशोधन हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. प्रख्यात अभिनेत्री मार्लीन डीट्रिच यांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची करमणूक केली, ती अशीच करवत वाजवून.

परंतु अशा नवलासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. कर्नाटक संगीताच्या मैफलीत मृदंगाच्या जोडीला मातीचा घट असतो. त्याला 'घटम्' म्हणतात. दिसायला तो आपल्या माठासारखाच. पण त्याची भिंत जाड आणि सर्वत्र सारखी असावी लागते. तमिळनाडूतील मानमदुरै गावचे घट त्यांच्या वजनासाठी व नादासाठी नावाजलेले आहेत. वादक घट मांडीवर घेतो. बोटे, तळहात आणि मनगट यांनी त्यावर आघात करतो. घटाचे तोंड पोटाशी दाबले अथवा दूर केले की नाद पालटतो. मृदंगाची वादी ताणता येते, तबल्याचे गट्टे ठोकता येतात. भाजलेल्या मातीचे तसे नाही. भट्टीतून जो स्वर घेऊन घट बाहेर पडला, तोच त्याचा जन्माचा स्वर. म्हणून वादकाला निरनिराळ्या स्वरांचे अनेक घट बाळगावे लागतात.

बेंगळुरूच्या सुकन्या रामगोपाल यांनी नेमकी हीच उणीव उपयोगात आणली. त्यांचा जन्म १९५७ साली तमिळनाडूत झाला. चेन्नईत हरिहर शर्मा यांच्याकडे मृदंग शिकत असता त्यांचे मन घटाकडे ओढले गेले. हरिहर शर्मा यांचे पुत्र विक्कू विनायकराम हे घटम्‌चे श्रेष्ठ वादक. 'शक्ती' या वाद्यवृंदात झाकिर हुसेन यांच्यासह वाजवून त्यांनी हा घट जगभर नेला. मुलीच्या हातांना हे कठीण वाद्य झेपेल काय, अशी शंका प्रारंभी त्यांनाही होती. शिष्येने अविरत रियाजाने ती दूर केली. पण गुरूची शंका फिटली तरी सभेची फिटली नव्हती; स्त्रीबरोबर साथीला बसण्यास नकार देणारे वादकही त्यांना भेटले. त्यांनी वाद घातला नाही. वादन चालू ठेवले. पुढे वेगवेगळ्या स्वरांचे घट अर्धवर्तुळात मांडून त्यांनी 'घटतरंग' सिद्ध केला. आजवर केवळ साथ करणारे मडके आता रागही आळवू लागले. स्त्री कलावंतांचा 'स्त्री ताल तरंग' हा वृंदही त्यांनी उभारला आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना लाभला.

याच नगरातील एल. भीमाचार यांनी मोरसिंग या मूठभर वाद्याची सेवा केली. लोखंडी कडे ओठांशी धरून त्याची जीभ बोटाने छेडायची; मुखाची पोकळी हाच त्याचा भोपळा. जिभेच्या टोकाला मेण लावले की स्वर उतरतो, एवढीच काय ती जुळणी! राजस्थानात याचेच भावंड मोरचंग म्हणून लोकसंगीतात नांदते.

बेंगळुरूस जाणे झाले, तर जे. पी. नगरातील 'इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स' हे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. २०१९ साली ते जनतेसाठी खुले झाले. तेथील ध्वनि-उद्यानातील वाद्यशिल्पे पाहुण्यांनी स्वतः वाजवून पाहावीत, यासाठीच मांडलेली आहेत.

आणि जाणे न झाले, तरी स्वयंपाकघर आहेच. चिनी मातीच्या सात वाट्या घ्या. त्यांत कमी-अधिक पाणी घालून बारीक काडीने हलकेच वाजवा. पाणी वाढले की स्वर उतरतो, कमी झाले की चढतो. थोडा धीर धरलात, तर सरगम जुळेल; जलतरंगाचे मूळ हेच. हे करताना घरातील मुलगी अथवा मुलगा एखाद्या वाटीपाशी रेंगाळला, तर "हे तुझ्या हातचे नव्हे" असे मात्र म्हणू नका. माठ विकत घेतानादेखील आपण आधी टिचकी मारतो, कान देऊन ऐकतो, आणि मगच निर्णय करतो.