जातीचा दाखला नव्हे, अपंगत्वाचा

मिस्सा आटोपली की आम्हांला हमखास विचारले जाते, "अपंगांच्या सवलती आपल्या ख्रिस्ती लोकांना मिळतात का हो?" मिळतात. खानापूर भागातला एक तरुण, कडबा कापायच्या यंत्रात मनगटापासून हात गेलेला, 'जातीचा दाखला नाही' म्हणून तीन वर्षे घरी बसून होता. कोणीतरी त्याला तसे सांगितले होते! २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा धर्म पाहत नाही, जात पाहत नाही. अपंगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत. कुष्ठरोगातून बरे झालेले आणि सिकलसेलचे रुग्णही त्यांत येतात.

लागतो तो अपंगत्वाचा दाखला. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी इस्पितळात. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असले म्हणजे राखीव जागांचा हक्क मिळतो. शेतकऱ्यांनी कलम ३७ ध्यानात ठेवावे: सरकारी योजनेत शेतजमीन वा घरे वाटताना ५ टक्के वाटा अशा अपंगांचा, त्यातही स्त्रियांना आधी.

कृत्रिम हातपाय, तीनचाकी, श्रवणयंत्र यांसाठी १९८१ पासून केंद्राची योजना आहे. तिला मात्र उत्पन्नाचा दाखला हवा. तो नाडकचेरीतून आधीच काढून ठेवा. त्या तरुणाची आई परवाच तिथे जाऊन आली.