बर्फाखालचा पाला

जानेवारीत इंदूरच्या सराफ्यातल्या चांदीच्या दुकानांची शटरं रात्री खाली आली, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे गराडूच्या कढया चढतात. गराडू हा थंडीतलाच कंद. स्कीइंगचा हंगामही तोच, त्यामुळे खाता खाता गुलमर्गचे बेत शिजतात. हॉटेल, जॅकेट, विमान यांवर खूप बोलणं होतं. बर्फाबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही.

त्याच वेळी शहराबाहेर माळव्याच्या शेतांवर आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. पिकाची ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने वर निघून जाते, पानं हवेपेक्षाही गार होतात आणि हवेतली वाफ पाणी न होताच त्यांच्यावर गोठते. सकाळी हरभऱ्यावर त्या गोठलेल्या वाफेचा पांढरा थर दिसतो; माळव्यात त्याला पाला म्हणतात.

हाच पाला गुलमर्गच्या बर्फावरही धरतो! बर्फ डोळ्यांना पांढराशुभ्र, पण अवरक्त किरण बाहेर टाकण्यात तो जवळजवळ काळ्या वस्तूइतका तरबेज. नितळ रात्री त्याचा पृष्ठभाग हवेहून बराच थंड होतो आणि त्यावर चमचमते, पातळ स्फटिक उगवतात. पुढच्या हिमवर्षावात ते गाडले जातात, पण नाहीसे होत नाहीत. आठवडे उलटले तरी तो नाजूक थर आत तसाच राहू शकतो.

खालून आणखी एक उद्योग चालू असतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास, तर वरचा कडाक्याचा थंड. खालची वाफ कणाकणांतून वर चढते आणि वाटेत बारीक कणांचे मोठे, कोनदार दाणे बनतात. मुठीत घेतले तर साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे. थर जितका पातळ, तितका वर-खालच्या तापमानातला फरक कमी अंतरात पडतो आणि वाफ जोरात वाहते. म्हणून कमी बर्फाचं वर्ष फसवं! 2024च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते. नंतर बर्फ आला आणि 22 फेब्रुवारीला खिलनमर्गजवळच्या हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला.

अशा कच्च्या थरावर वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची लादी बसली आणि उतार 30 ते 45 अंशांचा असला, की ती मोडून घसरायला एका माणसाचं वजनही पुरतं. अशा अपघातांत लादी बहुतेक वेळा अडकणाऱ्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच मोडलेली असते. ही गोष्ट मला भीतीपेक्षा आशेची वाटते, कारण मग निर्णयही आपल्याच हातात राहतो.

म्हणून बेतात तारखांना थोडी लवचीकता हवी. जोरदार बर्फ थांबल्यावर निदान एक-दोन दिवस वरचे उतार सोडून द्यावेत. डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज सकाळी पाहावा. नवख्यांनी गुलमर्गच्या खालच्या सौम्य उतारांवर प्रशिक्षकाकडून शिकावं. गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर पोचवतो आणि इंदूर आहे साडेपाचशे मीटरवर, तेव्हा आल्या दिवशीच वर धावू नये.

ठरलेल्या, राखलेल्या वाटेबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओयंत्र), शोधकाठी आणि फावडं हवं, ते वापरायचा सराव हवा आणि परिसर जाणणारा स्थानिक वाटाड्याही. गाडल्या गेलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या पाव तासानंतर झपाट्याने घसरते. बाहेरची मदत पोचेपर्यंत तो वेळ निघून जातो. खणायचं ते सोबत्यांनीच. म्हणून धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरची नजर काढू नये. आणि विम्याच्या कागदात राखलेल्या वाटेबाहेरचं स्कीइंग वगळलं आहे का, हे निघण्याआधी वाचून घ्यावं.