गिटार खर्जात उतरते तेव्हा

गिटारची सर्वांत जाड, सहावी तार ‘ई’ला जुळवलेली असते, पेटीवर पाहिलं तर पांढरी तीन. गाणाऱ्याचा आवाज खालचा असेल किंवा वादकालाच खोल, भारदस्त नाद हवा असेल, तर पहिल्यांदा सुचतं ते खुंट्या पिळून सगळ्या तारा उतरवणं. एक-दोन फ्रेटांइतकं, म्हणजे पेटीवरच्या एक-दोन पट्ट्यांइतकं, खाली येईपर्यंत फारसं काही बिघडत नाही. पण पाच फ्रेटांइतकं उतरून ‘बी’ला, म्हणजे पांढरी सातला पोचलं, की तीच गिटार लुळी पडते.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: कंप पावणारी लांबी, ताण आणि तारेचं दर इंचामागचं वजन. फ्रान्समधल्या मारें मेर्सेन या धर्मगुरूने हे नियम सतराव्या शतकातच मांडून ठेवले आहेत. त्यातली अडचणीची गोष्ट अशी, की सूर थोडा उतरवला तरी ताण त्याच्या वर्गाच्या हिशोबाने घटतो. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर ०.०४६ इंच जाडीची सहावी तार ‘ई’ला लावली, की ती सेकंदाला ८२ कंपनं करते आणि तिच्यावर सुमारे ८ किलोचा ताण असतो. ‘बी’ला कंपनं ६२ होतात, पण ताण साडेचार किलोवर येतो. कंपनं पाव हिश्शाने कमी झाली. ताण मात्र जवळजवळ निम्मा गेला.

सैल तार हाताला लगेच कळते. जोरात छेडली की तिचा झोका मोठा होतो, त्या क्षणी ताण वाढतो, आणि सूर आधी वर चढून मग जागेवर येतो. फ्रेटवर बोट जरा जास्त दाबलं तरी सूर सरकतो. शिवाय मोठ्या झोक्यात तार फ्रेटांवर आपटून झणझणते. तंबोऱ्यात जवारी काढायला आपण मुद्दाम दोरा सरकवत बसतो. गिटारवरची ही झणझण मात्र सूर मारून टाकते. त्यात भर म्हणजे, तारांची ओढ कमी झाली की नेकचा बाक सरळ होऊ लागतो आणि तारा फ्रेटांच्या आणखी जवळ येतात. तेव्हा नेकच्या आतली कांब, म्हणजे ट्रस रॉड, थोडी सैल करावी लागते.

हा सैलपणा कुणाला हवाहवासाही वाटू शकतो. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीने सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या बनवल्या, बारीक तारा लावल्या, आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडच्या १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये काही गाण्यांसाठी गिटार तीन फ्रेटांइतकी उतरवली. सहावी तार आली काळी एकला. जखमी बोटांना तारा हलक्या झाल्या, आणि हेवी मेटलला त्याचा काळोखा आवाज मिळाला.

पण सैलपणा नको असेल, तर पहिला उपाय जाड तारांचा. ‘बी’ला पूर्वीइतकाच ताण हवा असेल, तर ०.०४६ऐवजी अंदाजे ०.०६१ इंचाची तार लागते. ती नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या पट्टीच्या, खाचेत बसत नाही, म्हणून खाच कानशीने रुंद करावी लागते. दुसऱ्या टोकाला तार जिथे टेकते ते सॅडलही मागे सरकवावं लागतं. इतकं करूनही एक उणीव उरते. आखूड आणि जाड तार ताठ असते, जरा सळईसारखी वागते. तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराशी नीट मेळ खात नाहीत, आणि नाद बोथट येतो.

म्हणून माझं मत लांबीच्या बाजूने आहे, आणि बॅरिटोन गिटार लांबीच वाढवते. साधारण २७ ते ३० इंचांची तार ‘बी’ किंवा त्याहून खालच्या ‘ए’ला लावलेली असते. तीच तार त्याच सुराला २८ इंचांवर लावली, तर साडेपंचवीस इंचांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त ताण मिळतो. मग ०.०५६ची तारही पुरते, आणि खर्जातला स्वरही स्वच्छ, गोल उमटतो. पुरुषांचा तंबोरा बायकांच्या तंबोऱ्याहून मोठा करतात त्यामागे हाच हिशोब आहे.

याची किंमत डाव्या हाताला मोजावी लागते. नटपासून पहिला फ्रेट नेहमीच्या गिटारवर ३६ मिलिमीटरवर असतो, २८ इंची बॅरिटोनवर ४० मिलिमीटरवर. पहिल्या काही फ्रेटांवरचे कॉर्ड धरताना हा फरक बोटांना चांगलाच जाणवतो. नवीन शिकावं मात्र काही लागत नाही. बोटांचे आकार तेच, फक्त ‘ई’चा आकार धरला की ‘बी’ वाजतो. पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चाप, लावला की सगळे स्वर नेहमीच्या जागी परत येतात.

तेव्हा दोन फ्रेटांपर्यंत उतरायचं असेल तर आहे ती गिटार पुरे, फार तर तारांचा एक जाड संच. तीन-चार फ्रेटांसाठी नट, सॅडल आणि ट्रस रॉड चांगल्या कारागिराकडून जुळवून घ्यावेत. कायम ‘बी’ला किंवा त्याखाली वाजवायचं असेल, तर बॅरिटोनच घ्यावी.

खर्जात एक पथ्य पाळावं लागतं. तिथे ‘सा’ आणि ‘ग’ शेजारी वाजले की नाद गढूळ होतो, म्हणून जाड तारांवर ‘सा-प’ ठेवावा आणि ‘ग’ वरच्या तारांवर न्यावा. जॅझ गिटारवादक पॅट मेथिनीने यावर सुंदर तोड काढली. ‘वन क्वाएट नाइट’ या २००३ सालच्या अल्बमसाठी त्याने लिंडा मॅन्झर यांनी घडवलेली अकूस्टिक बॅरिटोन वापरली, ती ‘ए’ला उतरवली आणि मधल्या दोन तारा, तिसरी आणि चौथी, एक सप्तक वर लावल्या. खाली खर्ज, मध्ये उजळ तारा, आणि कॉर्डचा एकेक स्वर सुटा ऐकू येतो. बारीक तारा मिळाल्या, तर हा प्रयोग कुठल्याही बॅरिटोनवर करून पाहता येतो.